रुमालाखालचा भाव

‘बटण दाबण्याआधी वाचायला काय झालं होतं?’ मोबाइलवर पैसे गेलेल्या माणसाच्या वाट्याला आपल्याकडे सगळ्यात आधी हा प्रश्न येतो. न मागितलेल्या सदस्यत्वापोटी दर महिन्याला खात्यातून पैसे कापले जात असोत, तिकिटाच्या रकमेत विमा घुसवलेला असो, की जाहिरातीतली हमी प्रत्यक्षात कूपन निघालेली असो; सहानुभूती नंतर, आधी उलटतपासणी. या प्रश्नामागे एक पक्कं मत आहे. ते असं: कंपनीने काहीच लपवलेलं नसतं. अटी लिहिलेल्या असतात आणि ‘मान्य आहे’वर पडलेलं बोट ग्राहकाचंच असतं. रक्कम बहुधा किरकोळ असते. तरीही तक्रार असेल तर ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. आणि असल्या बारीकसारीक गोष्टींवरून सरकारने नियमांचा फास आवळला, तर या देशात नवे उद्योग उभेच राहायचे नाहीत. शिकलेली, पगारदार माणसं हे मत ठामपणे मांडतात. नाशिकच्या कॉलेज रोडवर ते ऐकू येतं, निफाड-पिंपळगावच्या पारावरही ऐकू येतं. मला ते नुसतं चूक वाटत नाही, क्रूर वाटतं. फसलेल्या माणसाला ते आरोपी करतं आणि ज्याने पगारी माणसं बसवून फसवणुकीचा आराखडा तयार केला, त्याला सभ्य व्यावसायिक ठरवतं. हे मत नाशिक जिल्ह्यात रुजावं याचा तर जास्तच राग येतो. बाजार नुसत्या सावधगिरीच्या भरवशावर सोडला तर काय होतं, हे या जिल्ह्याइतकं कुणाला ठाऊक असावं?

शेतमालाच्या बाजारात एकेकाळी भाव रुमालाखाली ठरायचा. अडत्या आणि व्यापारी कापडाखाली एकमेकांचा हात धरायचे, बोटं दाबून आकडा सांगायचे. एक व्यापारी झाला की दुसरा, मग तिसरा. ज्याचा माल तो शेतकरी शेजारीच उभा असायचा. त्याला दिसायचं ते फक्त कापड. शेवटी अडत्या सांगेल तो भाव, आणि त्या भावातून हमाली, तोलाई, धर्मादाय अशा नावांनी कपात. शेतकरी ‘हो’ म्हणायचा, कारण भरलेली गाडी घरी परत नेणं त्याला परवडणारं नसायचं. तीही संमतीच होती. त्या संमतीला आज कुणी संमती म्हणेल का? त्या शेतकऱ्याला ‘तू डोळे उघडे ठेवायला हवे होतेस’ असं सांगण्याची आज कुणाची हिंमत होईल का?

या चालीवर उपाय म्हणून शेतकऱ्याला सावधगिरीचं व्याख्यान देण्यात आलं नाही. वऱ्हाडातल्या कारंजाला १८८६ साली कापसाचा बाजार नियमांखाली आणला गेला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून तो ओळखला जातो. १९२८ साली शेतीविषयक रॉयल कमिशनने बाजारातल्या गैरचालींवर बोट ठेवलं आणि नियंत्रित बाजारांची शिफारस केली. लासलगावची बाजार समिती १९४७ची, महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा १९६३चा. एवढ्या वर्षांत हळूहळू जे तत्त्व पक्कं झालं ते साधं होतं: भाव उघड बोलीने लागला पाहिजे, वजन प्रमाणित काट्यावर झालं पाहिजे आणि पट्टीतून काय कापलं ते माल विकणाऱ्याला दिसलं पाहिजे. जो जाणता आहे, ज्याच्या हातात काटा आहे, त्याच्यावर बंधन आलं. बाजार समित्या आज निर्मळ आहेत असा दावा मी करणार नाही. व्यापाऱ्यांची संगनमतं होतात, आणि २०२४च्या एप्रिलमध्ये हमाली-तोलाईच्या कपातीवरूनच जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव कित्येक दिवस बंद राहिले. पण ते भांडण कशावरून झालं? पट्टीवर दिसणाऱ्या कपातीवरून. ती दिसत होती म्हणून तिच्यावर भांडता आलं.

मोबाइलच्या पडद्याने तो रुमाल परत आणला आहे. मेन रोडवरच्या दुकानात किंमत सगळ्यांना एकच दिसते, शेजारचं गिऱ्हाईक काय देतंय ते कानावर पडतं, घासाघीस चारचौघांत होते. पडद्यासमोर ग्राहक एकटा असतो. त्याला दाखवलेली किंमत, ‘फक्त दोनच शिल्लक’ ही पाटी, उलटा धावणारा घड्याळाचा काटा आणि त्याच्यासाठी म्हणून काढलेली सवलत हे सगळं फक्त त्याला दिसतं. दुसऱ्याला काय दिसलं हे त्याला कळत नाही. पलीकडे मात्र त्याचं ठिकाण, त्याचा फोन कुठल्या बनावटीचा, त्याने मागे काय घेतलं, तीच वस्तू कितीदा बघून तो परत गेला, याची सगळी नोंद असते. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबर यांना नोटिसा काढल्या. एकाच प्रवासाला आयफोनवर एक भाडं आणि अँड्रॉइडवर दुसरं, अशा तक्रारी होत्या. दोन्ही कंपन्यांनी इन्कार केला. त्यांचं म्हणणं क्षणभर खरं धरू. तरी नाशिक रोड स्टेशनबाहेर सामान घेऊन उभ्या असलेल्या प्रवाशाने ते पडताळायचं कसं? शेजारच्या अनोळखी माणसाचा फोन मागून? उघड लिलावात खोटेपणा झाला तर निदान पन्नास माणसं साक्षीला असतात. इथे साक्षीदारच नाही, आणि तो नसावा अशीच व्यवस्था आहे. त्याच वर्षी मे महिन्यात उबरला आणखी एक नोटीस गेली, आगाऊ टीप मागण्याबद्दल. काम आवडलं तर खुशीने द्यायची बक्षिसी गाडी मिळण्याआधीच मागायची आणि दिली तर गाडी लवकर येईल असं सुचवायचं, हा तो प्रकार. म्हणजे मनापासून द्यायच्या गोष्टीची बोली झाली, आणि बोलीत समोर कोण आहे तेही दिसत नाही.

आता त्या ‘मान्य आहे’कडे वळू, कारण विरोधी मताचा सगळा भार त्याच एका बटणावर आहे. ते बटण आपोआप उगवत नाही. त्याचा रंग, आकार, जागा, त्याच्याखालचा ‘नको’ हा शब्द किती फिकट आणि किती बारीक ठेवायचा, हे सगळं ठरवून केलेलं असतं. एक रचना काही लोकांना दाखवायची, दुसरी बाकीच्यांना, आणि जिच्यात जास्त माणसं ‘हो’ म्हणतात ती सगळ्यांसाठी लावायची, ही या धंद्यातली रोजची रीत आहे. हजारो शब्दांच्या, वकिलांनी लिहिलेल्या, बहुतेक वेळा फक्त इंग्रजीतल्या अटी त्या बटणामागे असतात. जाहिरात मराठीत करायला कंपनीला अडचण येत नाही. अटींची वेळ आली की मराठी संपते. यात वाचण्याची अपेक्षा आहे असं कोण प्रामाणिकपणे म्हणू शकेल? केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत अशा तेरा क्लृप्त्यांना नावं दिली आहेत. खोटी घाई लावणे, न मागता टोपलीत वस्तू टाकणे, नकार देणाऱ्याला शरम वाटेल अशी भाषा वापरणे, सदस्यत्वाच्या सापळ्यात अडकवणे, किंमत थेंबाथेंबाने उघड करणे, हे त्यांतलेच प्रकार. इतक्या जणांच्या हातून, इतक्या सारख्या चुका, सगळ्या विक्रेत्याच्याच फायद्याच्या, नकळत होत असतील का?

अमेरिकेत अमेझॉनच्या प्राइम सदस्यत्वावरून फेडरल ट्रेड कमिशनने जो खटला लावला, त्यात एक तपशील पुढे आला. सदस्यत्व रद्द करण्याची जी लांबलचक वाट होती, तिला कंपनीच्या आत ‘इलियड’ म्हणत असत, होमरच्या प्रदीर्घ महाकाव्याचं नाव. आपण बांधलेली वाट किती लांब आणि दमवणारी आहे हे बांधणाऱ्यांना पुरेपूर ठाऊक होतं, हेच ते नाव सांगतं. सप्टेंबर २०२५ मध्ये ते प्रकरण अडीच अब्ज डॉलरवर मिटलं. त्यातला एक अब्ज दंड आणि दीड अब्ज ग्राहकांना परत. कंपनीने दोष कबूल केला नाही. पण आत यायला एक बटण आणि बाहेर पडायला चक्रव्यूह असेल, तर त्या सदस्याच्या राहण्याला त्याची इच्छा म्हणता येत नाही.

आपल्या देशातलं याहून बोलकं उदाहरण २०१७चं आहे. त्या काळात मोबाइलचं सिम आधारशी जोडून घेण्याची सक्ती होती. लोक एअरटेलच्या दुकानात गेले, अंगठा ठेवला, सिम जोडून झालं. त्याच अंगठ्यावर त्यांच्यापैकी अनेकांचं एअरटेल पेमेंट्स बँकेत खातं उघडलं गेलं, आणि ते त्यांना माहीतही नव्हतं. गॅसचं अनुदान आधारशी सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात जमा होतं. त्यामुळे ज्या खात्यात अनुदान यायचं तिथे ते येईनासं झालं आणि या नव्या, अज्ञात खात्यांत साचू लागलं. तीस लाखांहून अधिक ग्राहक, दीडशे कोटींहून अधिक रुपये. डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने कंपनीची ई-केवायसी सुविधा काही काळ थांबवली, मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पाच कोटींचा दंड केला, पैसे परत देण्याची व्यवस्था झाली. आता या तीस लाखांना विचारायचं का, अंगठा ठेवण्याआधी वाचायला काय झालं होतं? त्यांनी वाचलं असतं तरी काय हाती लागणार होतं? ज्या कामाला संमती दिली ते काम वेगळं आणि ती संमती जिथे वापरली ती जागा वेगळी. सिलिंडरचं अनुदान कुठे गेलं म्हणून गॅस एजन्सीत हेलपाटे घालणाऱ्या बाईची यात नेमकी कोणती चूक होती?

इथे सांगितलं जातं की म्हणूनच तर डिजिटल साक्षरता हवी. ती हवीच, तिला माझा विरोध नाही. विरोध आहे तो तिच्या आडून जबाबदारी हलवण्याला. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपचं प्रकरण आठवा. टाळेबंदीत रोजगार गेलेल्या लोकांना पाच मिनिटांत कर्ज देणारी ही अ‍ॅप फोनमधली संपर्कयादी आणि फोटो उचलत, आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन करून अब्रू काढत. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१च्या पहिल्या दोन महिन्यांत सुमारे अकराशे कर्ज-अ‍ॅप आढळली, त्यांतली सहाशे बेकायदा होती. बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर जानेवारी २०२० ते मार्च २०२१ या काळात २,५६२ तक्रारी आल्या, आणि राज्यवार पाहिलं तर सर्वाधिक महाराष्ट्रातून. महाराष्ट्र काय देशातलं सगळ्यात निरक्षर राज्य आहे? पुढे २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केले: कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात, खर्चाचा एकूण आकडा आधीच सांगायचा, विचार बदलला तर बाहेर पडायची मुदत, आणि फोनमधल्या संपर्कयादीला हात लावायचा नाही. कर्जदाराला सावध राहा म्हणण्यापेक्षा सावकाराला हात आवरायला लावणं हा उपाय होता, आणि तो करता आला.

आपल्याच जिल्ह्यात याची समज होती. परप्रांतीय व्यापारी द्राक्षं नेऊन पैसे बुडवत तेव्हा २०२० साली नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी मोहीम काढली, बुडव्यांना बोलावलं, गुन्हे नोंदवले, शेतकऱ्यांचे पैसे काढून दिले. व्यवहार अनेकदा तोंडी होते, चिठ्ठीवरचे होते. शेतकऱ्याने व्यापाऱ्याची पत तपासायला हवी होती, असा युक्तिवाद तेव्हाही करता आला असता. तो केला गेला नाही, कारण बुडवणारा समोर दिसत होता. मग बुडवणाऱ्याच्या हातात चिठ्ठीऐवजी अ‍ॅप आलं की आपली न्यायबुद्धी का बदलते?

रक्कम किरकोळ असते, हा पुढचा मुद्दा, आणि मला तो सगळ्यात आळशी वाटतो. ग्राहकाकडून ती किरकोळ असते म्हणूनच तर घेतली जाते. तीन रुपयांसाठी कुणी आयोगाकडे जाणार नाही हे गणित आधी मांडलेलं असतं. स्विगीने एप्रिल २०२३ मध्ये प्रत्येक ऑर्डरवर दोन रुपये ‘प्लॅटफॉर्म फी’ सुरू केली, ऑगस्टमध्ये झोमॅटोने. पदार्थाची किंमत, पोहोचवण्याचं शुल्क, कर हे सगळं वेगळं असताना हे दोन रुपये कशाचे, याचं पटेल असं उत्तर मिळालं नाही. दोन वर्षांत ती रक्कम दहाच्या वर गेली. झोमॅटोच्या ऑर्डरी वर्षाला साठ कोटींच्या वर असताना एक रुपया वाढवणं म्हणजे साठ कोटी रुपये. एका घरासाठी किरकोळ आणि कंपनीसाठी प्रचंड, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, आणि सगळा धंदा त्या दोन्हींच्या मधल्या फटीत चालतो.

किमतीच्या बाबतीत या देशाने एक लढाई जिंकलेली होती, हेही आपण विसरलो. पूर्वी वेष्टनावर किंमत छापून पुढे ‘स्थानिक कर वेगळे’ असं लिहायचे, आणि ते कर किती हे दुकानदार ठरवायचा. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली, पुढल्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली, ग्राहक चळवळीने रेटा लावला. १९९०मध्ये नियम बदलला आणि छापील किमतीत सगळे कर धरलेले असलेच पाहिजेत असं ठरलं. आता याच पुण्यातल्या एका कंपनीचं प्रकरण पाहा. लहान मुलांच्या वस्तू विकणाऱ्या फर्स्टक्रायवर सवलतीची किंमत ठळक दाखवली जायची आणि पैसे भरायच्या पायरीवर जीएसटी वरून लावला जायचा. छापील किमतीत कर धरलेला, सवलतीच्या किमतीत नाही. २७ टक्के सूट म्हणून दाखवलेली प्रत्यक्षात १८.२ टक्क्यांवर यायची. २०२५ मध्ये केंद्रीय प्राधिकरणाने कंपनीला दंड केला, दोन लाख रुपये. पस्तीस वर्षांपूर्वी किराणा दुकानातून हद्दपार केलेली चाल पडद्यावरून परत आली, आणि तिची शिक्षा मोठ्या दुकानाच्या दिवाळीतल्या एका दिवसाच्या गल्ल्याएवढीही नाही.

म्हणून ‘कायदा आहे, तक्रार करा’ हे वाक्य मला ऐकवत नाही. कायदा आहे, हे खरं. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा चांगला आहे, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, ऑनलाइन दाखल करता येते. पण सुरगाण्यातल्या माणसाने पन्नास रुपयांसाठी कागद जमवायचे, तारखा धरायच्या, आणि तोपर्यंत कंपनीने तीच रचना कोट्यवधी फोनवर चालू ठेवायची, याला दाद मिळणं म्हणत नाहीत. रॅपिडोची जाहिरात आठवत असेल: ‘पाच मिनिटांत ऑटो, नाहीतर पन्नास रुपये.’ १२०हून अधिक शहरांत, अनेक भाषांत, सुमारे दीड वर्ष ती चालली. पन्नास रुपये म्हणजे रुपये नव्हतेच. ती होती ‘पन्नासपर्यंतची’ रॅपिडो नाणी, फक्त बाइकच्या प्रवासाला चालणारी, सात दिवसांत संपणारी. हे सगळं बारीक अक्षरांत. ऑगस्ट २०२५ मध्ये प्राधिकरणाने दहा लाखांचा दंड केला आणि ज्यांना पन्नास रुपये मिळाले नाहीत त्यांना ते देण्याचा आदेश दिला. आदेश चांगलाच आहे. पण दंड दहा लाखच का? कारण कलम २१ नुसार फसव्या जाहिरातीला पहिल्या वेळी त्याहून जास्त दंड करताच येत नाही. पुन्हा केल्यास पन्नास लाख. दीड वर्ष, सव्वाशे शहरं आणि दहा लाख. एवढ्या रकमेत त्या मोहिमेचा जाहिरातखर्चसुद्धा निघत नसेल. अशा कायद्याने कंपनीला भीती वाटत नाही. फसवणुकीचा दर तिला आधीच कळतो आणि तो ती खर्चात धरते.

फसव्या रचनांच्या बाबतीत तर याहून वाईट. जून २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना सांगण्यात आलं की तीन महिन्यांत स्वतःच स्वतःची तपासणी करा. नोव्हेंबरपर्यंत सव्वीस कंपन्यांनी आपल्याकडे असलं काही नाही असं जाहीर करून टाकलं. ज्याच्यावर संशय त्याच्याच हातचं प्रमाणपत्र. लासलगावात व्यापाऱ्याने स्वतःचा काटा स्वतः तपासून ‘बरोबर आहे’ म्हटलं तर शेतकरी ट्रॉली रिकामी करतील का?

उरतो नव्या उद्योगांच्या जिवाचा प्रश्न. नियमांनी ते मरतील म्हणतात. मग नियमांवाचून ते कसे जगले ते पाहू. मुंबईत २०१८ साली सुरू झालेली व्हाइटहॅट ज्युनियर ही कंपनी लहान मुलांना कोडिंग शिकवायची. तिच्या जाहिरातीत ‘वुल्फ गुप्ता’ नावाचा मुलगा होता, ज्याला गुगलने कोट्यवधींची नोकरी दिली. एका जाहिरातीत त्याचं वय एक, दुसरीत दुसरं, पगारही बदलता. असा मुलगा अस्तित्वातच नव्हता. सहा-सात वर्षांच्या मुलांच्या आईबापांना आपलं पोर मागे पडेल ही धास्ती विकली जात होती. २०२० मध्ये जाहिरात मानक परिषदेच्या सांगण्यावरून कंपनीने पाच जाहिराती मागे घेतल्या. आणि ज्या अभियंत्याने या सगळ्यावर सतत आवाज उठवला त्याच्यावर वीस कोटींचा अब्रूनुकसानीचा दावा लावला, जो पुढे मागे घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बायजूजने ही कंपनी तीस कोटी डॉलरना विकत घेतली. बायजूजवरही कर्जाच्या हप्त्यांत पालकांना गुंतवल्याचे आरोप झाले. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने कंपनीच्या प्रमुखांना बोलावून घेतलं. २०२२ मध्ये बावीस अब्ज डॉलरचं मूल्य सांगणारी ती कंपनी जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, क्रिकेट मंडळाचे १५८ कोटी थकवल्याच्या अर्जावर. तिला कुठल्या नियमाने मारलं? वेळीच कुणी लगाम घातला असता तर हजारो शिक्षकांच्या नोकऱ्या आणि पालकांचे पैसे कदाचित वाचले असते. आणि शिकवण्याच्या क्षेत्रात जे प्रामाणिकपणे काम करत होते, ज्यांनी खोटा वुल्फ गुप्ता उभा केला नाही, त्यांचं काय झालं याची चौकशी हे नवनिर्मितीचे कैवारी कधी करतात का? खोट्याला मोकळीक दिली की खरं बोलणारा विक्रेता पहिल्यांदा बाजारातून जातो.

फुकटाची सबबही इथेच निकाली काढू. २८ डिसेंबर २०१५ रोजी फेसबुकच्या मार्क झुकेरबर्ग यांनी इंग्रजी वृत्तपत्रात ‘फ्री बेसिक्स’ची बाजू मांडणारा लेख लिहिला, तेव्हा महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्यालाच पुढे केलं होतं: हवामान पाहतो, बाजारभाव पाहतो, प्रगती करतो. शेतकऱ्याला इंटरनेट फुकट मिळतंय, विरोध कशाला, असा तो सूर होता. प्रश्न एवढाच होता की कोणतं संकेतस्थळ फुकट दिसेल हे कोण ठरवणार. फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांकडून आयता मजकूर भरलेल्या लाखो ईमेल दूरसंचार नियामकाकडे धाडल्या. तिथेही संमती अशीच एका बटणावर गोळा केलेली. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी नियामकाने भेदभावी दरांवर बंदी घातली. त्याने शेतकऱ्याचं काय बिघडलं? आज निफाडचा शेतकरी त्याच फोनवर लासलगाव, पिंपळगाव, अगदी दिल्लीच्या आझादपूरचा भाव पाहतो, आणि कोणत्या संकेतस्थळावर पाहायचा हे तो स्वतः ठरवतो.

तेव्हा मागणी सवलतीची किंवा दयेची नाही. पहिल्याच पडद्यावर पूर्ण किंमत, कर आणि प्रत्येक शुल्क धरून. सदस्य व्हायला जितक्या पायऱ्या, सोडायला त्याहून एकही जास्त नाही. अटींचा गाभा ज्या भाषेत जाहिरात केली त्या भाषेत. वाद झाला तर ग्राहकाने जाणूनबुजून होकार दिला हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर, आणि कोणती रचना कधी, कुणाला, का दाखवली याच्या नोंदी तपासणीसाठी जपून ठेवण्याची सक्ती. फसवणूक ठरली की पैसे तक्रार करणाऱ्यालाच नव्हे, ज्याच्या ज्याच्याकडून घेतले त्या प्रत्येकाला आपोआप परत. कुणाकडून किती घेतले हे कंपनीच्या संगणकाला पैशापैशाने ठाऊक असतं. आणि दंड उलाढालीच्या प्रमाणात. स्पर्धा कायद्यात २०२३च्या दुरुस्तीने जागतिक उलाढालीवर दंड करण्याची तरतूद आलेलीच आहे. त्याआधीही याच कायद्याखाली २०२२ मध्ये गुगलला १,३३७ कोटींचा दंड झाला होता. व्यक्तिगत माहितीच्या २०२३च्या कायद्यात तर संमती मुक्त, विशिष्ट आणि माहितीपूर्ण हवी, ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं असं स्वच्छ लिहिलं आहे. माहितीच्या बाबतीत जी संमती खरी मानायला कायदा तयार नाही, ती पैशाच्या बाबतीत कुठल्या न्यायाने खरी धरायची?

कलम २१ मधली दहा लाखांची मर्यादा संसदेने घातली आहे आणि संसदच ती काढू शकते. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत नाशिक आणि दिंडोरीत कांद्याच्या निर्यातबंदीवर उमेदवारांना गावोगाव जाब द्यावा लागला. त्याच गावांत आज प्रत्येक घरात फोन आहे आणि प्रत्येक फोनवर ही कपात चालू आहे. या दोन्ही मतदारसंघांच्या खासदारांनी कलम २१ची दुरुस्ती लोकसभेत मागितली पाहिजे, आणि ती मागितली की नाही हे मतदारांनी त्यांना पुढच्या सभेत, सगळ्यांसमोर विचारलं पाहिजे.